नऊ माळांचा दांडा

दुपारचे चार वाजले की श्रीरामराव खोत गॅरेजमध्ये जाऊन हातोडा मारायला बसत. ठण, ठण, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा ठण. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात शैलजाबाई चहा टाकत आणि तो आवाज ऐकत. आवाज आला म्हणजे काम चालू आहे, अशी घरात समजूत होती. त्या समजुतीत एकच खोट होती. ज्या दांड्यावर हातोडा पडायला हवा होता, त्याला तो कधी लागतच नव्हता. श्रीरामराव मारत होते रेल्वेच्या रुळाच्या एका वीतभर तुकड्यावर. दांडा शेजारीच होता, गंजून नळीत घट्ट बसलेला, आणि तो तसाच राहावा एवढीच त्यांची इच्छा होती.

“निघाला का?” शैलजाबाई दारातून विचारत.

“कसला निघतोय.”

“मग चहा घ्या.”

हे रोजचं होतं.

दांडा एका जुन्या स्नोमोबाईलचा होता. बर्फावर मोटरसायकलसारखी बसून चालवायची ती गाडी. श्रीरामरावांनी आणि समोरच्या घरातल्या जगन्नाथ फाटकांनी ती विस्कॉन्सिनमधल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून उचलून आणली होती. श्रीरामराव पंपांच्या कंपनीतून निवृत्त झाले होते. जगन्नाथने त्यांच्या शॉमबर्ग गावातल्या अर्ध्या लोकांचे दात काढले होते आणि मग दवाखाना बंद केला होता. दोघांपैकी कुणीही जन्मात असल्या गाडीवर बसलं नव्हतं. “श्री, हिला नवी करायची आणि गोठलेल्या तळ्यावरून दोघांनी जायचं,” असं जगन्नाथ म्हणाला आणि श्रीरामराव हो म्हणाले. 

दोन हिवाळे त्यांनी ती गाडी सुटी करण्यात घालवले. इंजिन निघालं, टाकी निघाली, पट्टा निघाला. शेवटी धक्के झेलणारा खालचा सांगाडा राहिला, ज्याला सस्पेन्शन म्हणतात. दोन लांब लोखंडी पट्ट्या, मध्ये एक आडवी नळी, आणि नळीत हा दांडा. तो नळीत मोकळा फिरायला हवा होता. पण कित्येक वर्षं गोठ्यातली ओल पिऊन नळी आणि दांडा एकजीव झाले होते.

जगन्नाथने त्याचं नाव अक्कलदाढ ठेवलं. “दाढ ओढायची नसते, श्री,” तो सांगायचा. “गरम ठेवायचं, ओलं ठेवायचं, रोज थोडं थोडं हलवायचं. एक दिवस आपणहून हातात येते.” हे तो महिनाभर सांगत होता. मग एका संध्याकाळी त्याचा धीर सुटला आणि त्याने घरातला सगळ्यात मोठा हातोडा घेऊन दांड्याच्या टोकावर घाव घातला. दांडा हलला नाही, टोक मात्र पसरून छत्रीसारखं झालं. जगन्नाथने चष्मा पुसून ते नीट पाहिलं. “आता ही बया इकडूनच निघेल,” तो म्हणाला. “तिकडून कुणी कितीही ओढलं तरी ही छत्री नळीत शिरायची नाही.” एवढं बोलून तो जेवायला घरी गेला.

त्यानंतर पंधरवड्यात जगन्नाथ वारला. बर्फावर बसून फिरायचं म्हणून गाडी आणली, आणि माणूस गेला तो दारातला बर्फ उपसताना. त्याची बायको आधीच गेली होती. मुलांनी घर विकलं. आता तिथे एक तरुण जोडपं राहत होतं, त्यांचे पडदे दिवसाही खालीच असायचे. श्रीरामरावांच्या गॅरेजमध्ये दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एकीवर ते बसत, दुसरी मोकळी.

तेराव्याला मुलगी इशिता आली होती. ती चँडलरला राहायची. ॲरिझोनाचं वाळवंट, बर्फाचं नाव नाही. सगळ्यांसमोर ती म्हणाली, “बाबा, आता तुम्ही दोघं आमच्याकडे शिफ्ट व्हा. माझ्या घराजवळ एक छान घर आहे, एकही पायरी नाही. आईच्या गुडघ्यांना बरं पडेल.” श्रीरामराव त्या दिवशी दुःखात होते आणि थोडे रागातही होते. ते म्हणाले, “जगन्नाथचं काम अर्धवट टाकून मी कुठेही येणार नाही. तो दांडा निघू दे. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी तिकीट काढ.” तेव्हा ते मनापासून बोलले होते. हे वाक्य किती कामाचं आहे, हे त्यांना नंतर हळूहळू कळलं.

तेव्हापासून दर रविवारी फोन यायचा.

“बाबा, निघाला?”

“नाही गं. फार वाईट अडकलाय.”

“ऑइल टाकताय ना?”

“रोज.” हे खरं होतं. ते रोज तेल टाकत, नळीच्या वर, जिथून ते आत जाण्याची काही शक्यता नव्हती.

 शैलजाबाई मागच्या खोलीत एकेक खोकं भरत होत्या. भांडी, गोधड्या, साड्या. विचारलं तर म्हणत, “आवरून ठेवते. कधी ना कधी लागेलच.”

ऑक्टोबर लागला, झाडं उघडी पडू लागली, आणि एका रविवारी फोनवर इशिताच्या ऐवजी जावई देवांग आला. देवांग मूळचा नागपूरचा, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. कुठलाही प्रश्न सुटलेला नाही हे कळलं की त्याला झोप येत नसे.

“बाबा, मी सगळे फोरम वाचून काढले. तुम्ही टेन्शन घेऊ नका. नवरात्रात आम्ही येतोय. मी इंडक्शन हीटर ऑर्डर केलाय, दांडा ओढून काढायला पुलर आहे. दोन मिनिटं हीट करायचं, एक झटका मारायचा, विषय खतम.”

“एवढा खटाटोप कशाला,” श्रीरामराव म्हणाले.

“खटाटोप काय त्यात, यार बाबा, चार दिवस सुट्टी टाकलीय मी.”

त्या दिवशी चार वाजता हातोडा वाजला नाही. श्रीरामराव गॅरेजमध्ये नुसते बसून राहिले. त्यांना स्पष्ट दिसत होतं, देवांग येईल, दोन मिनिटांत दांडा काढेल, इशिता तिथेच उभी राहून फोनवर तिकीट काढेल, आणि मग कुणीतरी ही मोकळी खुर्ची घडी करून कचऱ्यात टाकेल.

त्यांच्या मदतीला देवी धावली. निदान सुरुवातीला तसं वाटलं.

शैलजाबाई दरवर्षी घट बसवत आणि नऊ दिवस नंदादीप लावत. श्रीरामराव त्यात कधी पडले नव्हते. देवळात गेले तर ते बाहेर गाडीत बसून रेडिओ ऐकत. पण यंदा घरात नवीन भानगड होती. जगन्नाथ गेल्यावर देवांगला सासू-सासऱ्यांची काळजी वाटून त्याने घरभर धुराचे अलार्म पाठवले होते. धूर आला की ते ओरडत, आणि ओरडून थांबत नसत, थेट अग्निशमन दलाला कळवत. घटस्थापनेला शैलजाबाईंनी धूप लावला, आरतीला सुरुवात केली, आणि घर किंचाळू लागलं. श्रीरामराव खुर्चीवर चढून कुठलं बटण दाबायचं ते शोधत होते तेवढ्यात दारात लाल गाडी उभी राहिली.

तीन धिप्पाड माणसं हातात अवजारं घेऊन आत आली. शैलजाबाई ताम्हन हातात घेऊन पुढे झाल्या. “शूज,” त्या म्हणाल्या. “प्लीज, शूज बाहेर.”

ती माणसं जळत्या घरात न कचरता शिरणारी होती. ती कचरली. त्यांच्यातला मोठा साहेब दारातच थांबला आणि बाकीच्यांकडे पाहून त्याने बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. शैलजाबाईंनी त्याला साखरफुटाणे दिले. त्याने ते नम्रपणे खाल्ले आणि मग विचारलं, हा दिवा कधी विझवणार. दसऱ्याला, असं कळल्यावर त्याने खाणं थांबवलं. गालिचा असलेल्या घरात नऊ दिवस उघडी ज्योत ठेवता येणार नाही, तो म्हणाला. अलार्म पुन्हा वाजला तर पुन्हा यावं लागेल. ठेवायचाच असेल तर सिमेंटच्या जमिनीवर ठेवा, लाकूड-कापडापासून लांब, आणि कुणीतरी जवळ बसा.

“गॅरेज,” श्रीरामराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“गॅरेजमध्ये सिमेंट आहे. आणि मी बसेन जवळ.”

पुढचं त्यांना क्षणात सुचलं. गॅरेजच्या दाराखालून वारा यायचा, दिवा टिकायला आडोसा हवा. आडोसा एकच होता, तो सस्पेन्शनचा सांगाडा. लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेला, दोन्ही बाजूंनी पट्ट्या, वर आडवी नळी. मखरच म्हणायचं. त्यांनी स्वतः तिथली जमीन झाडली, तेलाचे बोळे आणि डबे बाहेरच्या शेडमध्ये नेऊन ठेवले, मागून दोन पत्रे लावले. शैलजाबाईंनी नळीखाली घट ठेवला आणि त्याच्यापाठी बुटकी पितळी समई. ज्योत बरोबर नळीच्या पोटाखाली आली.

“आता एक,” श्रीरामराव गंभीरपणे म्हणाले. “दसऱ्यापर्यंत दिवा हलवायचा नाही. म्हणजे त्या सांगाड्याला कुणी हात लावायचा नाही.”

शैलजाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. “तुम्हाला कधीपासून कळायला लागलं हे?”

“वाचलं कुठेतरी.”

घटावर रोज एक झेंडूची माळ सोडायची असते. माळ बांधायला वर काही नव्हतं, फक्त नळीतून चार बोटं बाहेर आलेलं दांड्याचं ते छत्रीसारखं टोक होतं. शैलजाबाईंनी पहिली माळ तिथेच बांधली. गाठ पक्की बसली का पाहायला एकदा ओढली, पुन्हा ओढली.

श्रीरामराव आपल्या खुर्चीवर बसले आणि कित्येक आठवड्यांनी त्यांना जरा बरं वाटलं. ते फार टिकलं नाही. नंदादीप सांभाळणं काय असतं हे त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. काजळी धरायची, ती झटकायची. वारा यायचा, हाताचा आडोसा करायचा. तेल सरायचं. ते घालायचा मान शैलजाबाईंचा, पण त्यांचा हात थरथरायचा आणि निम्मं तेल वरच्या तापलेल्या नळीवर सांडायचं. “जरा जपून,” श्रीरामराव म्हणत. नळीच्या तोंडाशी तिळाच्या तेलाची तार लोंबायची. त्यांना गरम लोखंडाचा आणि तिळाचा वास नाकात घेऊन दिवसभर बसावं लागे. एकदा त्यांनी रुळाचा तुकडा शोधला, नुसता पायाखाली घ्यायला. तो नेहमीच्या जागी नव्हता. साफसफाईत कुठेतरी गेला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

पाचव्या माळेला देवांग, इशिता आणि त्यांची मुलगी रुही आले. देवांगने एक मोठी काळी पेटी गॅरेजमध्ये आणून ठेवली, बाह्या वर केल्या, आणि समोर देवी बसलेली पाहून तो थांबला.

“बाबा, हे काय?”

“नंदादीप.”

“ते कळलं. पण इथे? एक्झॅक्टली याच्या खाली?”

“आगवाल्यांनी सांगितलं,” श्रीरामराव म्हणाले. सगळंच खोटं नव्हतं.

“ओके. मग मूव्ह करू या ना दोन फूट इकडे.”

“अखंड दिवा हलवत नाहीत.”

इशिताने कमरेवर हात ठेवले. “बाबा, तुम्ही? तुम्ही माझ्या लग्नात पण भटजींना शॉर्टकट मारायला सांगत होता.”

“माणूस बदलतो.”

“सेव्हंटी-थ्रीला?”

“त्याला काही कटऑफ असतो का?”

रुही वाकून दिव्याकडे पाहत होती. “सो बेसिकली, देवी इज गार्डिंग द सस्पेन्शन?”

“येस, बाळा,” आजोबा म्हणाले. “बेसिकली.”

देवांग हार मानणारा नव्हता. त्याने चहा पिताना सासूबाईंपुढे प्रस्ताव ठेवला. “आई, असं केलं तर? या दिव्यावरून दुसरा दिवा पेटवायचा, तो तिकडे ठेवायचा. बॅकअप घेतल्यासारखं. एकदा तो स्टेबल झाला की हा शट डाउन करायचा. डाउनटाइम झिरो.”

शैलजाबाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली. “देवीचा बॅकअप घेत नाहीत.”

श्रीरामरावांना हे उत्तर फार आवडलं.

मग देवांग सुट्टीचे दिवस लांबून पाहण्यात घालवू लागला. हातात टॉर्च घेऊन तो सांगाड्याभोवती फिरायचा, मोबाईलवर फोटो काढून मोठे करून बघायचा, आणि सुस्कारे टाकायचा. एकदा फिरून फिरून थकला आणि मोकळ्या खुर्चीवर बसायला गेला.

“ती नको,” श्रीरामराव म्हणाले. “तिचा पाय मोडलाय. तू माझी घे.”

खुर्चीचा पाय चांगला होता. श्रीरामराव तासभर उभे राहिले.

शनिवारी मंडळातल्या बायका भोंडल्याला आल्या. शैलजाबाई देवी सोडून दुसरीकडे जायला तयार नव्हत्या, म्हणून भोंडला गॅरेजमध्ये झाला. पाटावर हत्तीचं चित्र काढून ते सांगाड्याला टेकवलं, आणि पैठण्या नेसलेल्या पंधरा बायका आतून स्वेटर घालून जुन्या सस्पेन्शनभोवती फेर धरून गाऊ लागल्या. “श्रीरामकाका, हे मागचं डेकोरेशन भारी आहे हं. अगदी रस्टिक,” एकीने सांगितलं. दुसरीने आदराने त्या दांड्याला हळदकुंकू वाहिलं. मग सगळ्यांनीच वाहिलं. जाताना प्रत्येकीने माळेला हात लावून नमस्कार केला. माळ हलली, माळेबरोबर टोक ओढलं गेलं. श्रीरामरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. वाऱ्याने ज्योत वाकली होती, ते तिच्यापुढे पुठ्ठा धरून बसले होते.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला तीन पायऱ्या होत्या. शैलजाबाई त्या पायऱ्यांवरून सकाळी पूजेला येत, दुपारी नैवेद्य आणत, संध्याकाळी आरतीला येत, मध्ये तेलाला येत. नंतर नंतर त्या मधल्या पायरीवर थोडा वेळ बसू लागल्या. डोळे मिटलेले असत. ती प्रार्थना आहे असं समजून श्रीरामराव आवाज न करता थांबत.

खंडेनवमीच्या सकाळी घर अजून उठायचं होतं. आठ माळा झाल्या होत्या, नववी पूजेच्या वेळी यायची होती. सगळ्या त्या एकाच टोकावर दाटीने बांधलेल्या. त्यांतली एक सुटल्यासारखी वाटली म्हणून श्रीरामरावांनी ती वर सरकवली. माळ सरकली, आणि माळेबरोबर दांडा फिरला.

ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी एका बोटाने टोक पुन्हा ढकललं. दांडा गुळगुळीत फिरला, आत तेल मुरलेल्या कुलपासारखा. त्यांनी तो किंचित बाहेर ओढून पाहिला. आला. घाईघाईने त्यांनी तो परत आत सारला आणि माळा होत्या तशा केल्या. मग ते खुर्चीवर बसले.

गरम ठेवायचं, ओलं ठेवायचं, रोज थोडं थोडं हलवायचं.

ज्या दिव्याआड ते लपून बसले होते, त्यानेच त्यांचं घर हातातून काढलं होतं. आणि तेही जगन्नाथच्या सांगण्यानुसार, अगदी तंतोतंत. त्यांनी मोकळ्या खुर्चीकडे पाहिलं. “तुलाच घाई झाली होती ना,” ते तिला म्हणाले.

पण थोड्या वेळाने त्यांना एक गोष्ट आठवली. ओढायला सोयीचं टोक दुसरं होतं. तिथे बोल्ट बसवायला आटे होते, देवांग आपला पुलर तिथेच लावणार. आणि तिकडून कितीही ओढलं तरी ही छत्री नळीत शिरणार नव्हती. छत्री झेंडूंत बुडालेली होती. म्हणजे आपण फक्त गप्प बसायचं. आयुष्यात गप्प बसणं त्यांना नेहमीच जमलं होतं.

दसऱ्याला सकाळी शस्त्रपूजा झाली. रुहीचा लॅपटॉप, घरातला स्क्रूड्रायव्हर आणि देवांगचा इंडक्शन हीटर पाटावर बसले. हीटरच्या पंख्यात थोडं कुंकू गेलं. मग शैलजाबाईंनी घट हलवला, समईतलं तेल संपू दिलं, दुपार कलता ज्योत आपोआप शांत झाली.

“आई, आता ऑफिशियली हात लावू?” देवांगने विचारलं.

“लावा. पण माळा मी काढीन सावकाश. त्यांना कुणी हात लावायचा नाही. आणि जळू देऊ नका.”

“नो प्रॉब्लेम. मी या एंडनेच हीट करतो.”

हीटर लावला, तेव्हा त्यातून लाल धूर आला, तो कुंकवाचा होता. दुसरं टोक तापून जांभळं झालं. देवांगने पुलर बसवला, पाय रोवले आणि झटका मारला. मग आणखी एक. मग बरेच. इशिता हातातला फोन उघडून उभी होती. रुही व्हिडिओ घेत होती.

“फिरतोय,” देवांग धापा टाकत म्हणाला. “बाबा, फिरतोय तो. पण येत नाहीये. हे लॉजिकल नाहीये.”

“मी म्हणत नव्हतो? फार वाईट अडकलाय.”

“फिरतो म्हणजे सुटलाय. सुटलाय तर आला पाहिजे.”

“तसं प्रत्येक गोष्टीचं नसतं.”

देवांगने टी-शर्टने तोंड पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. त्याच्या खांद्यातून कट्कन आवाज आला. तो खाली बसला.  इशिताने फोन बंद केला.

“म्हणजे हा विंटरपण असाच,” ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. “ठीक आहे. मी थँक्सगिव्हिंगला परत येते.”

श्रीरामराव जिंकले होते. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. समोरच्या घराचे पडदे खाली होते, अंगणात पानं साठली होती, जगन्नाथ असता तर त्याने ती केव्हाच श्रीरामरावांच्या अंगणात ढकलली असती.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि शैलजाबाई चहाचा ट्रे घेऊन उतरू लागल्या. श्रीरामरावांना आज सांभाळायला दिवा नव्हता, म्हणून त्यांनी ते उतरणं प्रथमच सगळं पाहिलं. त्या आडव्या उतरत होत्या. आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. खांदा भिंतीला टेकवलेला. ट्रेमधले कप एकमेकांवर बारीक वाजत होते. मधल्या पायरीवर त्या थांबल्या, डोळे मिटले, आणि सगळे आपल्याकडे पाहताहेत हे लक्षात आल्यावर हसल्या, जणू काम कुठवर आलं ते बघायलाच थांबल्या होत्या.

ती प्रार्थना नव्हती.

श्रीरामराव पुढे झाले आणि त्यांनी ट्रे घेतला. तो खाली ठेवला. मग ते सांगाड्यापाशी गेले आणि त्यांनी पुलर सोडवून बाजूला ठेवला.

“देवांग, ऊठ. चुकीच्या टोकाला धरलंयस तू.”

“काय?”

त्यांनी शैलजाबाईंकडे पाहिलं.  श्रीरामरावांनी एकेक माळ सोडली. आतून ते पसरलेलं टोक बाहेर आलं, हळदीकुंकवाने माखलेलं.

“हे असं कोणी केलं?” देवांगने विचारलं.

“डॉक्टरांनी.”

श्रीरामरावांनी ते टोक दोन बोटांत धरलं आणि दांडा बाहेर काढला. कसलाही आवाज झाला नाही. तो एव्हाना निवून कोमट झाला होता आणि त्याला तिळाच्या तेलाचा वास येत होता. देवांगने दांड्याकडे पाहिलं, मग नळीत डोळा लावून पाहिलं, मग आपल्या हीटरकडे.

“माझ्या हीटने लूज झाला असणार शेवटी,” तो म्हणाला.

“तसंच असेल,” श्रीरामराव म्हणाले. “हीटनेच झाला.”

इशिता रडत होती की हसत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. ती तिकीट बघायला आत गेली, देवांग खांद्याला बर्फ लावायला गेला, रुही त्याच्या मागे व्हिडिओ घेत गेली. गॅरेजमध्ये दोघंच राहिली. चहा निवत होता.

“सातव्या माळेलाच फिरला होता तो,” शैलजाबाई म्हणाल्या.

श्रीरामरावांच्या हातात दांडा तसाच राहिला. “तुला माहीत होतं?”

“गाठ मारताना हातात फिरला. म्हणून तर पुढच्या माळा दाटीने बांधल्या, टोक दिसू नये म्हणून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?”

त्यांनी दांड्यावरचं कुंकू अंगठ्याने पुसलं. मग त्यांनी विचारलं, “तुला जायचं होतं ना पण?”

“गुडघ्यांना जायचं होतं. मला कुणी विचारलं नाही.”

त्यांनी दांडा नळीच्या तोंडाशी नेला. तो आपोआप आत गेला. त्यांनी बाहेर ओढला, बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. “आता हा पूर्वीसारखा बसायचा नाही,” ते म्हणाले.

“नाहीच बसायचा.” शैलजाबाई कशाचा तरी आधार घ्यावा म्हणून मोकळ्या खुर्चीवर बसल्या. श्रीरामरावांनी त्यांना खुर्चीचा पाय मोडल्याचं सांगितलं नाही. त्या बसल्या, खुर्ची जरा करकरली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. बाहेर उजेड कमी होत चालला होता.

श्रीरामराव वाकून बाकाखाली काहीतरी शोधू लागले.

“काय हवंय?”

“काही नाही. तो एक रुळाचा तुकडा होता. घट बसल्यापासून दिसत नाही. टाकलास की काय?”

“बांधलाय मी तो. साड्यांच्या खोक्यात, तळाला.”

ते वाकलेलेच राहिले. “म्हणजे तुला तेही…”

“इतकी वर्षं तुमच्याबरोबर राहून मला लोखंडाचा आवाज कळत नाही असं वाटलं तुम्हाला? घाव दांड्यावर पडला असता तर घुमला असता. तुमचा नुसता ठण ठण.”

“मग तो तिकडे नेतेस कशाला? तिकडे काय ठोकायचंय आता?”

शैलजाबाईंनी निवलेला चहा त्यांच्या हातात दिला.

“तिकडे चार वाजले, हे मला कसं कळणार?”